निवड एकाची, भुर्दंड दुसऱ्याला

पुण्यात गुरुवार हा विजेच्या देखभाल-दुरुस्तीचा वार. त्या दिवशी काही तास वीज नसणार, हे पुणेकरांनी वर्षानुवर्षे गृहीत धरलेले आहे. अलीकडच्या अशाच एका गुरुवारी दुपारी वीज परत आली, तेव्हा प्रस्तुत लेखक घरात एकटा वाचत बसला होता. दिवे बंद होते, पंखा बंद होता, दूरचित्रवाणी कोणी लावलेली नव्हती. तरीही घरात एकाएकी हालचाल सुरू झाली. एका कोपऱ्यातून बारीक 'टिक्' असा आवाज आला, कपाटामागून गुणगुण ऐकू येऊ लागली आणि लाल, हिरवे, निळे असे सहा-सात ठिपके एकामागून एक उजळले. घरातील कोणीही काही मागितले नसताना सहा-सात उपकरणे कामावर रुजू झाली होती आणि त्यांची हजेरी बाहेर जिन्यातील मीटरवर लागू लागली होती.

या अवस्थेला 'स्टँडबाय' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी एक जुना शब्द आहे : तिष्ठणे. वाड्याचा धनी माडीवर झोपी गेला तरी गडी ओसरीवर तिष्ठत असे. न जाणो, मालकांनी हाक मारली तर! त्या गड्याचे हाल कोणी मोजले नाहीत. आजचा विजेवर चालणारा गडी मात्र तिष्ठत असल्याची मजुरी चोख वसूल करतो. रिमोटची कळ दाबताच उपकरण सुरू व्हावे, म्हणून संकेत ओळखणारा त्याचा भाग अहोरात्र जागा असतो. घड्याळाचे आकडे चालू असतात. २३० व्होल्टच्या प्रवाहाचे रूपांतर पाच किंवा बारा व्होल्टमध्ये करणारा अडॅप्टर, पलीकडे काही काम नसले तरी, थोडी वीज उष्णतेच्या रूपाने उधळीत राहतो. हात लावून पाहिला तर तो कोमट लागतो. तो कोमटपणा आपण विकत घेतलेला असतो.

ही उधळपट्टी किती, हे कोणा तज्ज्ञाला न विचारता प्रत्येकाला मोजता येते. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. अनेक घरगुती मीटरांवर तो ३२०० असतो. घरातील दिवे, पंखे व फ्रीज थोडा वेळ बंद करावेत, बाकीची उपकरणे नेहमी जशी 'बंद' असतात तशीच ठेवावीत आणि दिव्याच्या दोन लुकलुकण्यांमध्ये किती सेकंद जातात, ते घड्याळात पाहावे. आकडा ३२०० असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की किती वॉट वीज वाहते आहे, ते कळते. माझ्या घरी दोन लुकलुकण्यांमध्ये ४५ सेकंद गेले. म्हणजे सारे काही बंद असलेल्या घरात २५ वॉट वीज अखंड जळत होती.

२५ वॉट म्हणजे काहीच नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु वर्षाचे तास ८७६० असतात आणि स्टँडबायला रविवार नसतो. एक वॉट वर्षभर चालू राहिला की जवळजवळ नऊ युनिट होतात. २५ वॉटचे होतात २१९. युनिटला दहा रुपये धरले तर हा खर्च २१९० रुपयांवर जातो. शिवाय महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, ३०० पर्यंतची त्याहून बरीच महाग, पुढची आणखी महाग. २०२४-२५ साली वहन आकार धरून दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. महिन्याची ही अठरा निरुपयोगी युनिटे बिलात नेहमी वरच्या टप्प्यात बसतात, कारण ती नसती तर तेवढी वरचीच युनिटे कमी झाली असती. अर्थशास्त्रात सीमांत उपयोगिता नावाची संकल्पना प्राथमिक वर्गातच शिकवितात. ज्या युनिटाची उपयोगिता शून्य आहे, नेमके तेच आपण सर्वांत महाग भावाने घेतो, हे उदाहरण मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नव्हते.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. वीजबचतीचा उपदेश करताना मोबाईलच्या चार्जरवर फार राग काढला जातो. आजकालचा चांगला चार्जर फोन न जोडता खोबणीत राहिला तर वॉटचा लहानसा अंश घेतो. वर्षाकाठी युनिट-दोन युनिट एवढाच त्याचा खर्च. अलीकडचे दूरचित्रवाणी संचही स्टँडबायवर बहुधा एक वॉटच्या आत राहतात. खरे खादाड वेगळेच आहेत. माझ्या घरातील २५ वॉटांपैकी अकरा एकट्या सेट-टॉप बॉक्सचे निघाले, सात इंटरनेटच्या राऊटरचे, चार वातानुकूलन यंत्राच्या स्टॅबिलायझरचे आणि उरलेले तीन इतर किरकोळ वस्तूंचे. सेट-टॉप बॉक्सची गंमत अशी की, रिमोटने तो 'बंद' केला तर समोरच्या दिव्याचा रंग बदलतो, पण विजेचा वापर फारसा बदलत नाही. त्याचे 'बंद' असणे हा पुष्कळसा देखावाच असतो.

ही पेटी आपल्या घरात आली कशी, याचा इतिहास बोलका आहे. केबल दूरचित्रवाणीच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि देशभर डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. चार महानगरांनंतर दुसऱ्या टप्प्यात ज्या ३८ शहरांची पाळी आली त्यांत पुणे होते आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. ज्याला दूरचित्रवाणी पाहावयाची आहे त्याने पेटी घेतलीच पाहिजे, असा तो दंडक. सक्ती करण्यामागची कारणे योग्य असतील. महसुलातील चोरी थांबावी, वाहिन्यांचा हिशेब नीट लागावा, हे उद्देश चुकीचे म्हणता येणार नाहीत. परंतु कोट्यवधी घरांत एक यंत्र कायद्याने बसविताना, ते यंत्र निष्क्रिय असताना किती वीज खाईल याची कमाल मर्यादा त्या सक्तीबरोबर आली नाही. ती घालण्याची वेळ तीच होती आणि ती दवडली गेली.

या प्रश्नाचे मर्म नेमके येथे आहे. पेटी कोणती द्यावयाची, हे केबलचालक किंवा डीटीएच कंपनी ठरविते. राऊटर कोणता, हे इंटरनेट पुरविणारी कंपनी ठरविते. भिंतीत खोबण व बटण कोठे बसवावयाचे, हे इमारत बांधणारा बिल्डर ठरवितो, आणि तो ते अशा जागी बसवितो की पुढे तेथे कपाट येते आणि बटणापर्यंत हात पोचत नाही. यांपैकी एकालाही वीजबिल भरावे लागत नाही. पेटीत थोडा अधिक चांगला वीजपुरवठा भाग घातला तर कंपनीचा खर्च वाढतो आणि फायदा ग्राहकाला मिळतो. मग कंपनीने तो घालावा कशासाठी? ग्राहकाला तर अशा दोन पेट्यांतील फरक कळण्याची सोयच नाही, कारण तो आकडा वेष्टनावर ठळकपणे कोठे छापलेला नसतो. निवड एकाच्या हाती आणि खर्च दुसऱ्याच्या माथी, अशी रचना असते तेथे बाजारपेठ आपोआप शहाणी होत नाही. 'ग्राहकाने जागरूक राहावे' हा उपदेश अशा ठिकाणी अर्धसत्य असतो आणि अर्धसत्याचा लाभ नेहमी निवड करणाऱ्यालाच होतो.

दोनच पक्ष असते तर प्रश्न घरगुती ठरला असता. परंतु येथे तिसराही एक पक्ष आहे. तो निवडही करीत नाही आणि बिलही भरीत नाही. तो राख झेलतो. आपल्या देशात निर्माण होणाऱ्या विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अजूनही कोळशापासून येतो. एका युनिटासाठी ढोबळमानाने दोन-तृतीयांश किलो कोळसा जाळावा लागतो. माझ्या घरातील २१९ युनिटांचा अर्थ असा की, वर्षाला सुमारे दीडशे किलो कोळसा मी कोणत्याही कारणाशिवाय जाळला. विजेच्या तारेवर पत्ता लिहिलेला नसतो, त्यामुळे हा कोळसा कोणत्या केंद्रात जळला हे सांगता येणार नाही. पण महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या सरकारी औष्णिक केंद्रांपैकी एक, २९२० मेगावॉट क्षमतेचे, चंद्रपूरला आहे. त्याच चंद्रपूरचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांमध्ये केला होता. कोथरूडच्या दिवाणखान्यातील निळा ठिपका आणि चंद्रपूरच्या अंगणातील काजळी यांच्यात तारेचे नाते आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

पुणेकरांना हे नाते नव्याने सांगावे लागू नये. शंभर वर्षांपूर्वी या शहराच्या अगदी जवळ, मुळशी पेट्यात, तो प्रश्न उभा राहिला होता. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळशी येथे धरण बांधावयास घेतले आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाण्याची वेळ आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. १९२४ पर्यंत तो लढा या ना त्या रूपाने चालला. धरण झाले, गावे बुडाली. कोयनेची कथा स्वातंत्र्यानंतरची आणि आपल्याच सरकारची; तेथील विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. या प्रकल्पांतून राज्याचे औद्योगिक जीवन उभे राहिले, हेही तितकेच खरे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या विजेसाठी कोणी तरी आपली जमीन दिली, ती वीज उपयोगाला लागावी, एवढी अपेक्षा करण्याचा त्याला निश्चित हक्क आहे. रिकाम्या खोलीत अडॅप्टर कोमट ठेवण्यासाठी त्याने घर सोडले नव्हते.

याच संदर्भात आणखी एक आठवण करून देणे आवश्यक आहे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने तीव्र भारनियमनात काढली. खेड्यांत दिवसाचे अनेक तास अंधार असे. त्या काळात, २००६ साली, पुण्यातील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून शहरावरील भार हलका करावा आणि त्याचा जादा खर्च शहरातील अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी सोसावा, अशी एक योजना राज्य वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने अमलात आली. 'पुणे मॉडेल' या नावाने तिचा गाजावाजा झाला. ज्याच्या खिशात पैसा आहे त्या शहराने अंधारातून स्वतःची सुटका विकत घेतली, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. त्या वेळी आपण महागड्या इंधनावर जनित्रे चालवून मेगावॉट विकत घेतले. घराघरांत तिष्ठत पडलेले मेगावॉट गोळा करण्याचा विचार मात्र झाला नाही. दहा लाख घरांत प्रत्येकी २५ वॉट उगाच जळत आहेत असे केवळ हिशेबापुरते धरले, तरी ते २५ मेगावॉट होतात, वर्षाला सुमारे २२ कोटी युनिटे होतात. राज्यातील शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत, पिकाला पाणी दिले, कारण दिवसा त्याच्या वाट्याला वीज येत नव्हती. त्याच रात्री शहरातील पेट्या मात्र जाग्या होत्या.

आता उपायांकडे वळू. सध्या बाजारात 'स्मार्ट पॉवर स्ट्रिप' नावाची वस्तू आली आहे आणि तिची बरीच स्तुती होत आहे. दिसायला ती आपल्या एक्स्टेंशन बोर्डसारखीच असते. तिच्यातील एक खोबण मुख्य असते. त्या खोबणीत दूरचित्रवाणी संच जोडावयाचा आणि बाकीच्या खोबणींत सेट-टॉप बॉक्स, ध्वनिक्षेपक इत्यादी मंडळी. संच बंद झाला, म्हणजे मुख्य खोबणीतील प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला, की स्ट्रिप ते ओळखते आणि उरलेल्या सर्वांचा पुरवठा तोडते. काही प्रकारांत वेळ लावून ठेवता येते, तर काही फोनवरून चालविता येतात. कल्पना चांगली आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. विसराळू माणसाला, गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला, मोठ्या कार्यालयाला ती खरोखर उपयोगी पडेल.

तथापि हिशेब करूनच ती घ्यावी. या स्ट्रिपवर २० वॉट खाणारी उपकरणे असतील आणि दिवसाचे अठरा तास त्यांचा पुरवठा तुटणार असेल, तर वर्षाला सुमारे १३१ युनिटे वाचतील आणि हजार-दीड हजार रुपयांची स्ट्रिप वर्षा-सव्वा वर्षात आपली किंमत फेडील. पण तिच्यावर एकच नवा दूरचित्रवाणी संच असेल, एक वॉट खाणारा, तर वर्षाला सहा-सात युनिटे वाचतील आणि किंमत फिटेपर्यंत स्ट्रिपच निकामी होईल. त्यातही बिनतारी संदेशावर चालणारी स्ट्रिप स्वतः संदेशाची वाट पाहत तिष्ठतच असते. एका गड्यावर नजर ठेवण्यासाठी दुसरा गडी नेमावा, तसा तो प्रकार होतो.

शिवाय ही वस्तू ज्या देशांत जन्मली तेथील भिंतीवरील खोबणींना बहुधा बटणच नसते. अमेरिकेत पिन खोबणीत घातली की वीज चालू. बंद करावयाची तर पिन उपटावी लागते. ब्रिटिश पद्धतीचा वारसा म्हणून आपल्याकडे मात्र प्रत्येक खोबणीशेजारी बटण असते. जी सोय तेथील ग्राहक पैसे मोजून विकत घेतो, ती आपल्या भिंतीत आधीच आहे. अडचण एवढीच की, ती कपाटामागे दडलेली आहे. मी एका वायरमनला बोलावून ते बटण कपाटाबाहेर हाताशी आणून घेतले. रात्री झोपताना राऊटर बंद, दूरचित्रवाणी पाहण्याचे चार तास वगळता सेट-टॉप बॉक्स बंद, उन्हाळा संपताच स्टॅबिलायझर बंद, एवढा नेम ठेवला, तर २१९ पैकी सुमारे सव्वाशे युनिटे वाचतात. आमच्या मागच्या पिढीतील बायका दर वेळी बटण बंद करीत आणि आम्ही शिकलेली मुले त्यांच्या चिकटपणाला हसत असू. हिशेब त्यांचा बरोबर होता, असे आता कबूल करणे भाग आहे.

फ्रीज, आजारी माणसाचे उपकरण, ज्यावर घरचा दूरध्वनी अवलंबून आहे तो राऊटर, यांना हा नियम लावू नये, हे वेगळे सांगावयास नको. बटण दाबल्यावर सेट-टॉप बॉक्स सुरू होण्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात, हीही तक्रार खरी आहे. पण ती तक्रार निर्मात्याकडे नेली पाहिजे. चटकन जागे होणारे आणि झोपेत थोडकेच खाणारे यंत्र बनविणे आज तंत्रदृष्ट्या अशक्य नाही.

याचा पुरावा जगात उपलब्ध आहे. स्टँडबायचा खर्च एका वॉटच्या आत आणावा, ही कल्पना कॅलिफोर्नियातील संशोधक ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये मांडली आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने पुढच्याच वर्षी ती उचलून धरली. २००१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की, सरकारी खात्यांनी उपकरणे घेताना शक्य तेथे एक वॉटची मर्यादा पाळणारीच घ्यावीत. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला : २०१० पासून घरगुती व कार्यालयीन उपकरणांना साधारणतः एक वॉट, घड्याळासारखे काही दाखवीत असतील तर दोन, २०१३ पासून अनुक्रमे अर्धा आणि एक. दक्षिण कोरियाने मर्यादा न पाळणाऱ्या उपकरणावर इशाऱ्याचे लेबल लावणे सक्तीचे केले. यांपैकी कोणीही ग्राहकाच्या दारात जाऊन त्याला संयमाचे पाठ दिले नाहीत. ज्याच्या हाती निवड आहे त्याच्याच हाती त्यांनी नियमाची प्रत ठेवली. नवे दूरचित्रवाणी संच आज आपल्याकडेही एक वॉटच्या आत आले, त्याचे बरेचसे श्रेय परदेशांतील या नियमांना आहे. जागतिक बाजारासाठी बनलेली वस्तू सुधारली आणि केवळ देशी कंत्राटासाठी बनलेली पेटी मागे राहिली.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे, असेही नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा आहे. एखाद्या उपकरणासाठी वीजवापराचे मानक ठरविण्याचा, ते न पाळणाऱ्या उपकरणाची निर्मिती, विक्री व आयात बंद करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. त्या कायद्याखाली २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, २००६ पासून ताऱ्यांची लेबले आली. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचे लेबल असलेले वातानुकूलन यंत्र कारखान्यातून निघतानाच २४ अंशांवर लावून निघू लागले. ज्याला हवे त्याने तापमान बदलावे. पण आरंभ शहाणपणाने व्हावा, ही त्यामागची दृष्टी. तीच दृष्टी सेट-टॉप बॉक्स व राऊटर यांना लावण्यास अडचण कोणती?

सार्वजनिक खरेदीचे बळ काय करू शकते, हेही आपण पाहिलेले आहे. सरकारी क्षेत्रातील एका कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी सुरू केली तेव्हा, २०१४ साली, दिव्याला सुमारे ३१० रुपये पडत होते. २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना आली आणि २०१६ मध्ये तोच भाव ४० रुपयांच्या आत उतरला. छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. नियोजनाला नाके मुरडणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. मोठी मागणी एका हाती आली की किंमत आणि गुणवत्ता या दोन्ही बाबतींत कारखानदाराला नमते घ्यावे लागते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वीजपुरवठ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती उपकरणाच्या स्टँडबायला सक्तीची मर्यादा असावी आणि तो आकडा वेष्टनावर किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापावा. केबल, डीटीएच व इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यातच ही अट घालावी. पेटी त्यांची, तर तिच्या खादाडपणाची जबाबदारीही त्यांची. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मागणी-व्यवस्थापनाचे विनियम २०१० सालीच केलेले आहेत. त्यांखाली महावितरणने जुन्या पेट्या व स्टॅबिलायझर बदलून देण्याचा कार्यक्रम आखावा आणि तो शंभर युनिटांच्या आतील घरांपासून सुरू करावा. पुणे महानगरपालिका, विद्यापीठ, शासकीय कार्यालये यांनी संगणक व छपाईयंत्रे घेताना ही अट निविदेत लिहावी, आणि सायंकाळी कचेरी बंद होताना मुख्य बटण बंद करण्याचे काम कोणाचे, हे ठरवून द्यावे. नव्या इमारतींत दूरचित्रवाणीच्या जागेचे बटण हाताच्या उंचीवर व मोकळ्या जागी असावे; बांधकामाच्या नियमात एक ओळ वाढविण्याने कोणाचे दिवाळे निघणार नाही.

या मागण्यांवर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. वातानुकूलन यंत्रे, गिझर, रात्रभर झगमगणारे जाहिरातफलक, कारखान्यांतील अपव्यय हे सारे सोडून या ठिपक्यांच्या मागे का लागता? दीड टनाचे वातानुकूलन यंत्र दीडशे-दोनशे तासांत माझ्या घरातील वर्षभराच्या स्टँडबायइतकी वीज सहज खाते, हे मला मान्य आहे. मोठा अपव्यय मोठाच आहे आणि त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. परंतु वातानुकूलनातून निदान कोणाला तरी गारवा मिळतो. त्याबद्दल वाद घालता येतो, गरज आणि चैन यांची सीमारेषा कोठे ओढावी हे ठरवावे लागते. स्टँडबायच्या विजेतून कोणालाच काही मिळत नाही. ती वाचविण्यासाठी कोणाला आपले सुख कमी करावे लागत नाही. जेथे कोणाचाही त्याग लागत नाही तेथेसुद्धा आपण नियम करू शकत नसू, तर जेथे त्याग मागावा लागेल तेथे आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

आणि ज्या घरात एक दिवा, एक पंखा आणि जेमतेम एक जुना दूरचित्रवाणी संच आहे, त्या घराला यातले काहीही सांगावयाचे नाही. तेथे वीज तिष्ठत नाही, माणसे विजेसाठी तिष्ठतात. जनता वसाहतीतील बाईने बटण बंद करण्याचा धडा आपल्याकडून घेण्याची गरज नाही. तो तिला बिलानेच शिकविलेला आहे. हा लेख आपल्यासारख्यांसाठी आहे, ज्यांच्या महिन्याच्या बिलात अठरा युनिटे हरवली तरी ती हरवल्याचे कळत नाही.

येत्या गुरुवारी वीज परत येईल तेव्हा वाचकांनी दहा मिनिटे काढावीत. घड्याळ घेऊन मीटरपुढे उभे राहावे, सेकंद मोजावेत, भागाकार करावा. सोसायटीतील चार शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील आकडे जमवावेत. मग जेवढे आपल्या हातात आहे तेवढे बटण त्याच रात्री बंद करावे आणि जे आपल्या हातात नाही त्याबद्दल दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र लिहावे : केबलचालकाला, महावितरणला, नियामक आयोगाला, आपल्या खासदाराला. पत्रात मोठा युक्तिवाद नको. आपल्या घरातला आकडा लिहावा, आणि ही पेटी कोणी निवडली, एवढाच प्रश्न विचारावा.